धुमसत्या दाहाचा माग

वैद्यकशास्त्रातील एखादा शब्द प्रयोगशाळेतून बाजारात उतरला की त्याचा अर्थ पातळ होत जातो. ‘दाह’ या शब्दाचे सध्या नेमके तेच झाले आहे. केस गळण्यापासून थकव्यापर्यंत आणि मुरुमांपासून उदासीनतेपर्यंत प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी शरीरातील दाह आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या जाहिराती, दाहशामक म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि कॅप्सूल, दाह उतरवणाऱ्या आहाराचे तक्ते यांचा सर्वत्र सुळसुळाट आहे. या मालाचे एक हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे पाळी अनियमित असलेली तरुण मुलगी. तिच्या हाती सोनोग्राफीचा कागद असतो, त्यावर एक लांबलचक इंग्रजी नाव असते, आणि दवाखान्यात त्या नावाचा अर्थ समजावून सांगायला कोणाला सवड झालेली नसते. ती सवड बाजाराला असते.

या बाजारामागे शास्त्र मुळीच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे घराघरांत ‘पीसीओडी’ म्हणून ओळखला जाणारा विकार, आणि शरीरात मंदपणे धुमसत राहणारा दाह यांचा संबंध गेली पाव शतकभर गांभीर्याने तपासला जात आहे. त्या तपासातून हाती लागलेला ऐवज लहान नाही. पण जे सिद्ध झाले आहे त्याकडे दुर्लक्ष आणि जे सिद्ध व्हायचे आहे त्याची घाऊक विक्री, असा उलटा व्यवहार सध्या चालू आहे. त्याची किंमत कोण मोजते, हे पाहणे आवश्यक आहे.

विकाराची ओळख जुनी आहे. १९३५ साली शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी बंद किंवा अनियमित, काहींच्या अंगावर राठ केस, मूल नाही आणि अंडाशये नेहमीपेक्षा मोठी, असे त्यांचे वर्णन होते. दोघांनी अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढला आणि सातही स्त्रियांची पाळी पुन्हा सुरू झाली. रोगाचे ठाणे अंडाशयातच आहे, हा समज तेव्हापासून रूढ झाला आणि कित्येक दशके टिकला. वास्तविक अंडाशयावरील ज्या गाठींवरून या विकाराचे नाव पडले, त्या गाठीच नव्हेत. स्त्रीबीज बाळगणाऱ्या आणि अर्ध्या वाटेवर वाढ खुंटलेल्या त्या पुटिका आहेत. १९८० नंतर या स्त्रियांच्या शरीरातील इन्शुलिनकडे संशोधकांचे लक्ष गेले आणि चित्र पालटले. पेशी इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते अधिक तयार करते. वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवण्यास उद्युक्त करते. आणि त्यामुळे स्त्रीबीज वेळच्या वेळी बाहेर पडत नाही. म्हणजे अंडाशय हे या कथेतील एक पात्र आहे, संपूर्ण कथा नव्हे. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने तर हे नावच गोंधळ माजवणारे आहे, ते बदलावे, अशी शिफारस केली.

दाहाचा प्रवेश या कथेत झाला तो याच वाटेने. दाह म्हटला की लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे डोळ्यांसमोर येतात. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्ससने ती नोंदवून ठेवली आहेत. येथे ज्या दाहाची चर्चा आहे त्याला यांपैकी एकही लक्षण नाही. तो अंगाला जाणवत नाही, ताप आणत नाही. केवळ रक्तातील काही द्रव्यांच्या अल्पशा वाढीवरून त्याचा सुगावा लागतो. शेगडी विझल्यासारखी दिसावी आणि राखेखाली निखारा असावा, तसा हा प्रकार. मेदपेशी असे दाहकारक द्रव्य निर्माण करतात आणि त्यामुळे इन्शुलिनच्या कामात अडथळा येतो, हे १९९३ साली उंदरांवरील प्रयोगांतून हॉटामिस्लिगिल आणि स्पीगेलमन यांनी दाखवून दिले, तेव्हा मधुमेहाच्या अभ्यासाला नवे वळण लागले. जेथे इन्शुलिनची तक्रार तेथे दाह असावा, हा तर्क मग पीसीओएसपर्यंत पोहोचणे स्वाभाविकच होते.

२००१ साली ग्लासगो येथील संशोधकांनी हा तर्क रक्ताच्या कसोटीला लावला. त्यांनी निवडलेली खूण होती सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. यकृतात तयार होणारे हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले. तीव्र जंतुसंसर्गात त्याचे प्रमाण शेकडो पटींनी वाढते. पण अधिक सूक्ष्म चाचणी हाती आल्यावर अगदी थोडी वाढही मोजता येऊ लागली. ग्लासगोच्या अभ्यासातील स्त्रियांची संख्या जेमतेम तीस-बत्तीस होती. तरीही पीसीओएस असलेल्यांत हे प्रथिन निश्चितपणे अधिक आढळले. पाहता पाहता अशा अभ्यासांची रीघ लागली. २०११ साली माद्रिदच्या एस्कोबार-मोर्रेआले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सर्वांची एकत्र छाननी केली, तेव्हा पीसीओएस असलेल्या स्त्रियांत या प्रथिनाचे प्रमाण इतरांपेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. म्हणजे जवळजवळ दुप्पट. गंमतीचा भाग असा की, दाहाची जी इतर दोन मातब्बर द्रव्ये मानली जातात त्यांच्या बाबतीत मात्र असा ठाम फरक त्यांना आढळला नाही. बाजारात हे दुसरे वाक्य कोणी सांगत नाही.

साहजिकच एक शंका उपस्थित झाली. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांचे वजन अधिक असते, आणि मेद वाढला की हे प्रथिन वाढतेच. मग हा दाह विकाराचा की वजनाचा? शिवाय या विकारात सर्रास दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही रक्तातील हे प्रथिन वाढते. म्हणजे उपचारालाच रोगाची खूण समजण्याचा धोका. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, साठाहून अधिक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने या शंकेचे पुष्कळ अंशी निरसन केले. लठ्ठ नसलेल्या स्त्रियांतही ही वाढ आढळते, असा त्याचा निष्कर्ष आहे. वजन आगीत तेल ओतते हे खरे. पण निखारा वजनाशिवायही असू शकतो.

या मुद्द्यावर अमेरिकेतील फ्रँक गोन्झालेझ यांनी चालवलेले प्रयोग मोठे उद्बोधक आहेत. त्यांनी पीसीओएस असलेल्या सडपातळ स्त्रियांना ग्लुकोजचे पाणी प्यायला दिले आणि त्यानंतर त्यांच्या रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींचे वर्तन तपासले. निरोगी स्त्रियांच्या पेशी ज्या साखरेकडे फारसे लक्ष देत नाहीत, तीच साखर या स्त्रियांच्या पेशींना चिथावते आणि त्या दाहकारक द्रव्ये सोडू लागतात, असे दिसून आले. मग प्रश्न आला तो कार्यकारणाचा. पुरुषी संप्रेरकांमुळे पेशी अशा चिडखोर होतात, की चिडलेल्या पेशी अंडाशयाला पुरुषी संप्रेरके निर्माण करण्यास भाग पाडतात? निरोगी, सडपातळ स्त्रियांना काही दिवस संप्रेरक देऊन त्यांच्या रक्तातील पातळी पीसीओएसइतकी वाढवली, तेव्हा त्यांच्याही पेशी साखरेला तशाच प्रतिसाद देऊ लागल्या. पहिली बाजू खरी ठरली म्हणावे, तर पीसीओएस असलेल्या स्त्रियांतील पुरुषी संप्रेरके औषधाने दाबूनही दाह कमी झाला नाही. पुढे सॅलिसिलेट जातीचे एक दाहशामक औषध मोजक्या स्त्रियांना देऊन पाहिले, तेव्हा अंडाशयाचा अतिरेक कमी झाला आणि काहींच्या बाबतीत स्त्रीबीजही बाहेर पडले. म्हणजे दोन्ही बाजूंना काही पुरावा आहे आणि पूर्ण पुरावा कोणत्याच बाजूला नाही. पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली आतड्यातील एका जीवाणूचा धागा या गुंत्यात जोडून दिला; पण त्यातील निर्णायक प्रयोग उंदरांवरचे आहेत, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

येथे एका गोष्टीपाशी थोडे थांबणे उचित होईल, कारण बाजारातील साऱ्या युक्तिवादाला ती छेद देते. दाह म्हणजे शत्रू आणि तो शमवणे म्हणजे आरोग्य, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे. दर महिन्याला स्त्रीबीज पुटिका फोडून बाहेर पडते ते दाहाच्याच साह्याने. लॉरेन्स एस्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९८० साली ही कल्पना मांडली आणि पुढील संशोधनाने ती बळकट केली. पुटिकेभोवती रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी जमा होतात, वेदनेच्या वेळी शरीरात जी द्रव्ये वाढतात तीच येथेही वाढतात, आणि मग पुटिकेची भिंत विरघळते. अंगदुखीवर घेतल्या जाणाऱ्या काही नेहमीच्या गोळ्या ऐन त्या दिवसांत घेतल्या तर स्त्रीबीज बाहेर पडण्यास विलंब होऊ शकतो, किंवा ते आतच अडकते, हे त्याचेच प्रत्यंतर. जो दाह अस्थानी आणि अखंड चालू आहे तो हानिकारक. जो ठरल्या जागी, ठरल्या वेळी पेटून विझतो तो आवश्यक. या दोहोंत भेद करू शकणारे चूर्ण अद्याप कोणाला सापडलेले नाही. पाळी येत नाही म्हणून दाहशामक घेणारी मुलगी नकळत नेमक्या उलट दिशेने चालत असण्याची शक्यता आहे, ही बाब किती वेष्टनांवर छापलेली असते?

खूण आणि कारण यांतील फरक ओळखायला किती काळ आणि किती कष्ट लागतात, याचा धडा हृदयरोगाच्या इतिहासात मिळतो. बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी १९९७ साली दाखवून दिले की, ज्या पुरुषांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अधिक, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव अधिक. त्या प्रथिनालाच गुन्हेगार ठरवून मोकळे होणे सोपे होते. परंतु ज्यांच्यात ते जन्मतःच आनुवंशिक कारणाने अधिक असते, अशा लोकांना हृदयविकार अधिक होत नाही, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. प्रथिन हा केवळ धूर ठरला. आग दुसरीकडे होती. ती आग विझवली तर झटके कमी होतात काय, हे पाहण्यासाठी दहा हजारांहून अधिक रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निःपक्षपाती चाचणी घेण्यात आली आणि २०१७ साली तिचा निकाल लागला: दाहाच्या एका विशिष्ट साखळीला अटकाव करणाऱ्या औषधाने, कोलेस्टेरॉलला हातही न लावता, झटके कमी झाले. पण त्याच औषधाने जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाणही वाढले. पहिल्या संशयापासून या निकालापर्यंत वीस वर्षे गेली.

पीसीओएसच्या बाबतीत पहिल्या संशयाला वीस वर्षे केव्हाच उलटून गेली. दहा हजार सोडाच, त्याच्या दशांश स्त्रियांवरही दाहशामक उपचाराची अशी चाचणी झालेली नाही. झाल्या आहेत त्या चाळीस-पन्नास-साठ स्त्रियांवरच्या, आठ-बारा आठवड्यांच्या असंख्य छोट्या चाचण्या. कधी हळदीचा अर्क, कधी माशाचे तेल, कधी ड जीवनसत्त्व, कधी जीवाणूंच्या पुड्या. बारा आठवड्यांत रक्तातील एक आकडा खाली आला की निबंध तयार होतो. पाळी नियमित झाली काय, मूल हवे होते त्यांना झाले काय, दहा वर्षांनी मधुमेह टळला काय, हे प्रश्न विचारण्याइतका या अभ्यासांचा कालावधीच नसतो. त्यांच्या विश्वासार्हतेची कथा तर अधिकच खेदजनक आहे. या विकाराविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली नव्याने सिद्ध झाली. तिच्यासाठी जमवलेल्या शंभरेक चाचण्यांची सचोटीच्या दृष्टीने तपासणी केली, तेव्हा चाळीसहून अधिक चाचण्या बाजूला काढाव्या लागल्या. कोट्यवधी स्त्रियांच्या उपचाराचा आधार म्हणून मांडलेल्या संशोधनाची ही अवस्था असावी, याची बातमी ठळक अक्षरांत यायला हवी होती.

हे असे का व्हावे? संशोधनाला पैसा लागतो, आणि तो कोणत्या रोगाला मिळतो यात समाजाची दृष्टी उमटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००६ ते २०१५ या दहा वर्षांत पीसीओएसवरील संशोधनाला दिलेली रक्कम संधिवाताला दिलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी होती, असे एका पाहणीत दिसून आले. पीसीओएस असलेल्या स्त्रियांची संख्या मात्र संधिवाताच्या रुग्णांहून कितीतरी अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो. हा ‘बायकांचा’ आजार, तोही मूल होण्यापुरता. मूल झाले की प्रश्न मिटला, ही समजूत केवळ आपल्याकडच्या आजीबाईंचीच आहे असे नव्हे. निधी वाटणाऱ्या समित्यांवरही तिचा प्रभाव असावा, असे आकडे सांगतात.

भारताच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वाधिक महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी, आणि तिची मुळे गर्भावस्थेतील पोषणात असल्याचे पुण्याच्या संशोधकांचे प्रतिपादन आता जगन्मान्य झाले आहे. हा शोध आणि सडपातळ स्त्रियांतील दाहाविषयीचे संशोधन शेजारी ठेवून वाचले, तर दवाखान्यात रोज घडणारी एक चूक स्पष्ट होते. मुलगी बारीक असली की तिच्या अनियमित पाळीकडे ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून दुर्लक्ष होते किंवा ‘लग्न झाले की सुरळीत होईल’ असा दिलासा मिळतो. ती जाड असली की ‘आधी वजन उतरवा, मग या’ म्हणून तिची बोळवण होते. रक्तातील साखर दोघींपैकी कोणाचीच तपासली जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांच्या या पाहणीत पीसीओएसचे प्रमाण एका निकषाने ७.२ टक्के, तर दुसऱ्या निकषाने १९.६ टक्के भरले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तरुण मुलींची पाहणी केली होती, तिच्या २०१४ च्या निष्कर्षांतही हाच प्रकार दिसतो: एका मोजपट्टीने १०.७, दुसऱ्या मोजपट्टीने २२.५ टक्के. आकड्यांची ही ओढाताण निदानाच्या व्याख्येमुळे होते. १९९० च्या अमेरिकन व्याख्येत पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. २००३ च्या रॉटरडॅम व्याख्येने सोनोग्राफीतील चित्राला तिसरा साक्षीदार मानले आणि तिघांपैकी कोणतेही दोन पुरेसे ठरवले. वयात येणाऱ्या मुलींच्या अंडाशयावर असे चित्र नैसर्गिकरीत्याच दिसू शकते. म्हणून पहिल्या पाळीपासून आठ वर्षांपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका बजावते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या मुलींना सोनोग्राफीच्या एका कागदावर हा शिक्का मारला जातो आणि तो शिक्का मग स्थळे पाहण्याच्या वयापर्यंत घरातील एक गुपित बनून राहतो. दाहाच्या कोणत्याही चाचणीला निदानाच्या व्याख्येत स्थान नाही, हेही येथेच नोंदवलेले बरे.

परंतु परिषदेच्या पाहणीतील खरा मजकूर पुढेच आहे. विकार आढळलेल्या स्त्रियांपैकी लठ्ठ सुमारे ४३ टक्के होत्या. रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडलेल्या मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक होत्या. म्हणजे वजनकाटा ज्यांना निर्दोष ठरवतो, त्यांच्यातही बिघाड आहेच. दाहाच्या संशोधनाने पंचवीस वर्षांत जी एक गोष्ट पक्की केली ती हीच आहे: हा विकार अंडाशयापुरता नाही, तो रक्तवाहिन्यांचा, यकृताचा, स्वादुपिंडाचा आहे आणि तो आयुष्यभराचा आहे. दाह कशाने शमतो हे ठरायला आणखी काळ जावा लागेल; पण या एका निष्कर्षावर आजच्या आज कृती करता येण्यासारखी आहे, आणि तिला फारसा खर्चही नाही. २०२३ ची मार्गदर्शिका सांगते की, निदान होताच प्रत्येक स्त्रीची रक्तशर्करा तपासावी, तिचे वय व वजन काहीही असो. शक्यतो ग्लुकोज पिऊन करावयाची चाचणी घ्यावी आणि दर एक ते तीन वर्षांनी तपासणी पुन्हा करावी. रक्तदाब पाहावा. चिंता आणि नैराश्य यांविषयी विचारपूस करावी, कारण या स्त्रियांत त्यांचे प्रमाण अधिक असते. आहाराविषयी तिचे म्हणणे तर जाहिरातदारांना पेचात टाकणारे आहे. कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्याहून श्रेष्ठ असल्याचा पुरावा नाही. समतोल आहार आणि आठवड्यातून किमान अडीच तास मध्यम व्यायाम, एवढेच. भाकरी, डाळ, भाजी आणि चालणे यांवर कोणाला वेष्टन चढवून नफा कमावता येत नाही, ही अडचण खरी आहे.

मग सरकारी आरोग्ययंत्रणेने काय केले आहे? मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांसाठी घरोघरच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण त्याची वयोमर्यादा सुरू होते तिसाव्या वर्षी. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो संपतो एकोणिसाव्या वर्षी. पीसीओएसचे निदान बहुधा ज्या वयात होते, ती वीस ते तीस ही दहा वर्षे दोन्ही योजनांच्या मधोमध मोकळी पडली आहेत. या वयात सरकारी यंत्रणेला स्त्री भेटते ती गरोदर म्हणून. गर्भधारणाच ज्यांना अवघड, त्यांची गाठ यंत्रणेशी पडावी कशी, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. पाळी अनियमित असलेल्या आणि पीसीओएसचे निदान झालेल्या स्त्रियांना वयाची अट शिथिल करून या तपासणीत सामावून घेणे, हा काही अशक्यप्राय उपाय नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयात ग्लुकोजची पुडी आणि रक्तशर्करेची चाचणी दोन्ही उपलब्ध असतात. महाविद्यालयांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत उंची आणि वजन टिपून घेतात. त्याच रांगेत पाळीविषयी दोन प्रश्न एखाद्या परिचारिकेने आडोशाला विचारले, तर त्यासाठी नव्या अंदाजपत्रकाची गरज नाही.

संशोधनाची जबाबदारी मात्र परिषदेला टाळता येणार नाही. ९,८२४ स्त्रियांची पाहणी एकदा करून अहवाल छापला, एवढ्याने काम संपत नाही. त्यांतील विकारग्रस्त स्त्रियांचे पुढे काय होते, सडपातळ स्त्रियांतील दाह त्यांना मधुमेहाकडे नेतो काय, आणि साखर वेळीच आटोक्यात आली तर तो आपोआप निवतो काय, हे वर्षानुवर्षे त्याच स्त्रियांकडे परत गेल्याशिवाय कळणार नाही. असे काम या देशात होऊ शकत नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली गरोदर स्त्रियांच्या नोंदी घेण्यास सुरुवात झाली. त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलामुलींचे वजन, रक्त, वाढ हे सारे केईएमच्या संशोधकांनी पुढे अनेक वर्षे टिपून ठेवले. त्या गावांतील तेव्हाच्या तान्ह्या मुली आज तिशीच्या घरात आहेत.